पाठ मोकळी करणं वेगळं, पाठीला विसावा देणं वेगळं

"रोज लोडावर पाठ टेकून पडते, तरी कंबर आखडलेलीच." घरी योग करणाऱ्यांकडून ही तक्रार फार ऐकू येते. आखडलेला कणा सुटतो तो हालचालीने. लोडावर पडून मिळतो तो विसावा. दोन्ही हवेत, पण एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही.

कण्यातले वरचे 24 मणके सुटे हलतात. त्यांच्यामधल्या चकत्यांना मोठेपणी थेट रक्तपुरवठा जवळपास नसतो. त्यांचं पोषण झिरपून होतं आणि पाठ हलती राहिली की त्याला मदत होते. म्हणून मार्जारासन, म्हणजे हात-गुडघ्यांवर मांजरीसारखं उभं राहून पाठ हलवणं. श्वास घेताना छाती पुढे, सोडताना पाठ वर गोल, सुरुवात माकडहाडापासून, सावकाश सहा-आठ वेळा. घाईने केलं तर फक्त मान आणि कंबर हलते, मधली पाठ तशीच राहते. पीळ देतानाही वळायचं ते छातीच्या मागच्या भागातून. कमरेचे मणके मुळातच फार कमी फिरतात, तिथे जोर लावणं मला खरोखर काळजीचं वाटतं. रात्रभर आडवं राहून चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्या उठल्या पश्चिमोत्तानासन (पाय पसरून बसून पुढे वाकणं) नकोच.

विसाव्याची गोष्ट निराळी, आणि तिची वाट पुण्यातून गेली आहे. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार 1937 साली इथे आले. मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था 1975 ची. खुर्ची, दोर, विटा, लोड घेऊन आसन करणं त्यांनी रुळवलं. पुढे त्यांच्या शिष्या जुडिथ हॅन्सन लॅसाटर यांनी अमेरिकेत 'रिस्टोरेटिव्ह', म्हणजे आधार घेऊन विसावा देणारा, योग लोकांपर्यंत नेला.

घरी लोड नसेल तर दोन सोलापुरी चादरींची लांबट, वीतभर रुंद घडी घाला आणि तिच्यावर पाठ टेकून पडा. कुल्ले जमिनीवर, घडीची कड कमरेला लागून, आणि डोक्याखाली आणखी एक घडी, हनुवटी वर जाणार नाही इतकी. मार्जारासनात थोडा ताण जाणवला तर चालतो. इथे मुळीच जाणवता कामा नये. छातीत किंवा कमरेत ओढ लागली की घडी कमी करा. दहा मिनिटं पुरेत. मोबाइलवर गाणी नकोत. दिवसभरातलं जे मनात येईल ते येऊ द्या. तेवढा निवांतपणा एरवी मिळतो कुठे? नंतर वहीत दोन ओळी लिहिल्यात तर फारच छान.

संध्याकाळी आधी हालचाल, मग विसावा. हाडं ठिसूळ झाली असतील तर पाठ गोल करणं टाळा. पायात मुंग्या किंवा बधिरपणा उतरत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. आणि घडीवरून थेट उठून बसू नका. कुशीवर वळा, हाताने जमीन रेटा, डोकं सगळ्यात शेवटी वर येऊ द्या.