कोकणच्या वाऱ्यात स्मोकर कोणता घ्यावा?

अलिबाग-पेणकडे थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, मसाला लावलेली कोंबडी आणि अंडी भरायची, तोंड पाल्यानेच गच्च बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. वरून पाण्याचा थेंबही पडत नाही. पाल्यातली आणि शेंगांतली ओल आतल्या आत वाफ होते आणि त्या वाफेवर सगळं शिजतं. परसात स्मोकर ठेवायचा विचार असेल तर आधी हा फरक समजून घ्यावा. पोपटी कोंडलेल्या वाफेवर होते, तर स्मोकरमधलं मांस सतत हलणाऱ्या, मंद गरम, धुराच्या हवेत तासन् तास राहतं. म्हणून स्मोकर निवडणं म्हणजे हवा कशी आत येणार आणि कशी बाहेर जाणार, हे ठरवणं.

इतका वेळ कशासाठी? बोकडाचा किंवा डुकराचा पुढचा खांदा हा जनावराने आयुष्यभर वापरलेला स्नायू असतो. त्यात कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन भरपूर असतं. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या वर ते हळूहळू सुटतं आणि त्याचं मऊ जिलेटिन होतं. हे घाईने होत नाही. म्हणून आतली हवा १०५ ते १२० अंशांवर धरून डुकराचा खांदा आतून ९० ते ९५ अंशांपर्यंत नेतात. कोंबडीचं तसं नाही. तिच्यात कोलॅजन कमी, ती आतून ७४ अंशांना पोचली की झाली. उलट मंद आचेवर तिची कातडी रबरासारखी राहते. तिला १५० अंशांच्या पुढची धग हवी. आपल्याकडे आठवड्याला कोंबडी आणि मासळी होते, अख्खा खांदा सणावारी. फक्त मंद आचेवरच चालणारं यंत्र घेतलं तर ते वर्षातले बरेच महिने झाकून ठेवावं लागेल.

आता धुराकडे वळू. लाकूड तापलं की आधी त्यातलं हेमिसेल्युलोज २०० अंशांच्या पुढे फुटू लागतं, मग सेल्युलोज, आणि लिग्निन तर पार ४५०-५०० अंशांपर्यंत फुटत राहतं. पहिल्या दोघांपासून मांसाला तपकिरी रंग आणि गोडसर वास येतो. लिग्निनपासून ग्वायकोल आणि सिरिंगोल ही संयुगं तयार होतात, आणि आपण ज्याला धुराची चव आणि वास म्हणतो तो मुख्यतः त्यांचा. निखाऱ्याला पुरेसा ऑक्सिजन मिळाला तर धूर पातळ, निळसर, डोळ्यांना जेमतेम दिसणारा निघतो. हवा कमी पडली किंवा लाकूड ओलं असलं की दाट पांढरा धूर येतो, अर्धवट जळलेले थेंब आणि काजळी मांसावर बसते आणि चव कडू होते. जास्त धूर म्हणजे जास्त चव, हा समज सोडून द्यायला हवा.

चरबी थेट निखाऱ्यावर ठिबकली की तिच्या धुरात बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक संयुगं तयार होतात. निखारे एका बाजूला आणि मांस दुसऱ्या बाजूला, किंवा मध्ये पाण्याचं पातेलं, ही रचना चवीइतकीच आरोग्यासाठीही महत्त्वाची आहे.

हवेवर सगळं अवलंबून असेल तर किनाऱ्यावरचा वारा विसरून चालणार नाही. शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे थेट कामाला येतात. रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो. ऊन चढलं की समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि दुपारी तो जोरात असतो. म्हणजे पहाटे पेटवलेल्या आणि दुपारपर्यंत चालणाऱ्या स्मोकरवर वाऱ्याची दिशा मधेच पालटते. सकाळी आडोशाला असलेलं हवेचं भोक अकरा वाजता वाऱ्याच्या तोंडावर येतं आणि आच भडकते.

याचा सर्वांत जास्त त्रास आडव्या स्मोकरला होतो. त्यात बाजूच्या पेटीत लाकूड जळतं आणि धूर आडवा वाहत मांसावरून धुराड्याकडे जातो. टेक्सासमध्ये हीच पद्धत मानाची, आणि चव खरोखर उत्तम येते, पण त्याला जाड पोलादाचं अंग आणि अर्ध्या-पाऊण तासाने लाकूड घालणारा माणूस लागतो. बाजारातले स्वस्त नमुने पातळ पत्र्याचे असतात. खाऱ्या वाऱ्यात त्यांची उष्णता पत्र्यातून भराभर निघून जाते. शिवाय वाहती हवा मांसाचा ओलावा उडवते. खांदा ६५-७० अंशांवर आला की तापमान तासन् तास हलत नाही, याचं कारणही बाष्पीभवनच: आत येणारी उष्णता पाणी उडवण्यातच खर्ची पडते. अशा वेळी कोळसा वाढवू नका. मांस फॉइलमध्ये गुंडाळा, बाष्पीभवन थांबतं आणि पारा पुन्हा चढू लागतो.

गोल झाकणाच्या केटल ग्रिलचा जन्मच वाऱ्यामुळे झाला. शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये पाण्यावर तरंगणारे बोये बनत. तिथे काम करणारे जॉर्ज स्टीफन उघड्या चुलीवर वाऱ्याने उडणाऱ्या राखेला कंटाळले होते. १९५२ साली त्यांनी बोयाच्या दोन अर्धगोलांपासून ग्रिल आणि झाकण तयार केलं. निखारे एका कडेला लावले तर यावर मंद धूर देता येतो, पसरले तर कोंबडी खरपूस होते. पहिला स्मोकर म्हणून मी हाच सुचवेन.

पण महिन्यातून एकदा तरी खांदा करणार असाल तर उभा, पाण्याच्या पातेल्याचा स्मोकर घ्या. तळाला निखारे, मध्ये पाणी, वर जाळी. एक लिटर पाणी उडायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते, त्यामुळे वाऱ्याने आच भडकली तरी पाणी बरीचशी उष्णता गिळतं आणि तापमान एकदम उसळत नाही. कोकणासाठी मला हे अगदी योग्य वाटतं. गावातल्या वेल्डरकडून २०० लिटरच्या पिंपाचाही करून घेता येतो. पिंप खाद्यतेलाचं असावं, रसायनाचं नको; आतला लेप पूर्ण जाळून काढावा. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पत्रा जाळाजवळ अजिबात वापरू नये, फार तापला की जस्ताची विषारी वाफ निघते.

जपानी चुलीवरून आलेला कामाडो जाड सिरॅमिकचा असतो. थोड्या कोळशावर, थोड्या हवेवर बराच वेळ चालतो, मांस कोरडं पडत नाही, आणि खारी हवा त्याच्या भिंतींचं काही बिघडवत नाही. जड आणि महाग आहे, आणि एकदा जास्त तापला की लवकर निवत नाही. पेलेट ग्रिल मात्र इथे नकोच. त्यात जळणाऱ्या दाबलेल्या भुशाच्या कांड्या पावसाळी दमटपणात फुगून भुगा होतात, आणि वीज गेली की त्याची आग फुलवणारा पंखा थांबतो. विजेचा स्मोकर मासळीपुरता ठीक.

लोखंड कुठलंही असो, क्षार त्याला खातात. ३०४ प्रतीच्या स्टेनलेसवरही समुद्राजवळ बारीक खड्डे पडतात. मॉलिब्डेनम असलेलं ३१६ जास्त टिकतं. राख ओलावा धरते, म्हणून ती दर वेळी काढा.

लाकूड आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, बेगमीबरोबरच भरून ठेवा, कारण ताज्या तोडीच्या लाकडात जवळजवळ निम्मं पाणी असतं. आंबा आणि पेरू सुकवून चांगले चालतात. करवंटीचा कोळसा कडक आणि दीर्घ जळतो. सुरूची पानं सुयांसारखी दिसत असली तरी तो पाइनच्या जातीचा नाही, त्याच्या कठीण लाकडात राळ नसते. काजूची टरफलं घालू नका, त्यातलं तेल कातडीला आणि डोळ्यांना भाजतं. जुन्या होडीच्या फळ्याही नकोत. त्यांत डांबर आणि तांब्याचे रंग मुरलेले असतात.

पाऊस आला म्हणून पेटता स्मोकर पडवीत ओढून आणणं जीवघेणं ठरू शकतं. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि पडवीचं दार घरातच उघडतं. पत्र्याची मोकळी शेड करा, चारही बाजूंनी उघडी.

मासळीत बांगडा धुरासाठी फार चांगला, कारण धुरातली चवीची संयुगं चरबीत विरघळतात आणि बांगडा तेलकट असतो. परंतु गार धुरीचा, म्हणजे ३० अंशांखालच्या हवेत मासा धुरवण्याचा प्रयोग इथे करू नये. आपली साधी हवाच तितकी गरम असते, आणि तेवढ्या उबेत बांगड्यात जिवाणू हिस्टामीन तयार करतात, जे नंतर शिजवूनही जात नाही. बंदरावरून आणलेला बांगडा पेटवणीपर्यंत बर्फातच ठेवा, साफ करून थोडा वेळ मिठाच्या पाण्यात बुडवा, पुसून कोरडा करा. केटलच्या एका कडेला थोडे निखारे आणि पेरूचा एक सुका तुकडा पुरतो. आतलं मांस ६३ अंशांना पोचलं की काढा. थर्मामीटर झाकणावरचा नको, टोचायचा हवा, कारण झाकणाजवळची हवा जाळीवरच्या हवेपेक्षा बरीच वेगळी असू शकते.