ऋण कालावधी (रिलेशनल डेटाबेस)

रिलेशनल डेटाबेसमध्ये (माहिती टेबलांत ठेवणाऱ्या प्रणालीत) एका क्षणातून दुसरा क्षण वजा केल्यावर शून्याहून कमी येणारे उत्तर म्हणजे ऋण कालावधी. साडेदहाची गाडी दहा पंचवीसलाच फलाटावर लागली, तर तिचा उशीर उणे पाच मिनिटे. इथे वजाचिन्ह चूक दाखवत नाही, दिशा दाखवते. मात्र हे चिन्ह अख्ख्या कालावधीला लागते की त्यातल्या एकेका घटकाला, याबाबत डेटाबेसांचे एकमत नाही. काही डेटाबेसांत तर ते ठेवायला जागाच नाही.

आधी शब्दांचा घोळ निस्तरलेला बरा. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत ‘इंटरव्हल’ म्हणजे निव्वळ लांबी, उदाहरणार्थ तीन दिवस किंवा दोन तास. ती कॅलेंडरवर कुठेही ठेवता येते. ‘५ मे ते ९ मे’ हा मात्र कालखंड झाला, त्याला जागा ठरलेली असते. संगणकशास्त्रज्ञ जेम्स ॲलन यांनी १९८३ मध्ये मांडलेले १३ परस्परसंबंध (आधी, नंतर, आच्छादित वगैरे) अशा कालखंडांचे आहेत, पण त्यांनाही इंग्रजीत इंटरव्हलच म्हणतात. लांबी ऋण असू शकते, कालखंड नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये २०१२ च्या ९.२ आवृत्तीपासून असलेला ‘रेंज’ प्रकार सुरुवातीआधीचा शेवट स्वीकारतच नाही.

एसक्यूएल-९२ या मानकाने कालावधीची दोन घराणी केली: वर्ष-महिना आणि दिवस-सेकंद. महिना २८ दिवसांचाही असतो आणि ३१ चाही, त्यामुळे दोन्ही एका मापात बसत नाहीत. मानकानुसार सगळ्या घटकांचे चिन्ह एकच असते, म्हणून सुरुवातीचे वजाचिन्ह सर्वांना लागू होते. ओरॅकल या डेटाबेसने हीच विभागणी स्वीकारली. ती काटेकोर आहे, कधीकधी जाचक वाटावी इतकी: ३१ जानेवारीत एका महिन्याचा इंटरव्हल मिळवला की ओरॅकल ३१ फेब्रुवारी शोधतो आणि त्रुटी देऊन थांबतो. तिथलेच ‘ॲड_मंथ्स’ फंक्शन मात्र मुकाट्याने फेब्रुवारीचा शेवटचा दिवस देते.

पोस्टग्रेसने दोन्ही घराणी एका छपराखाली आणली. त्याचा इंटरव्हल १६ बाइटांचा असतो आणि त्यात महिने, दिवस व मायक्रोसेकंद असे तीन स्वतंत्र पूर्णांक असतात. प्रत्येकाचे चिन्हही स्वतंत्र, त्यामुळे ‘एक महिना, उणे तीन दिवस’ हे तिथे वैध मूल्य आहे. लवचीक रचना, पण फसवी. ‘-१ २:०३:०४’ हा मजकूर मानकाप्रमाणे वाचला तर उणे २६ तास ३ मिनिटे ४ सेकंद होतात. पोस्टग्रेसच्या मूळ सेटिंगमध्ये वजाचिन्ह फक्त दिवसाला लागते आणि तास धन राहतात, म्हणजे एकूण उणे २१ तास ५६ मिनिटे ५६ सेकंद. ‘इंटरव्हलस्टाइल’ हे सेटिंग मानकाच्या शैलीवर नेले की तोच मजकूर पहिल्या अर्थाने वाचला जातो. एका प्रणालीतून दुसरीकडे मजकुराच्या रूपात कालावधी पाठवणाऱ्यांनी प्रत्येक घटकापुढे चिन्ह लिहावे, हाच त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग.

दिवस आणि तास वेगळे ठेवण्याला सबळ कारण आहे. अमेरिकेत १० मार्च २०२४ च्या पहाटे घड्याळे तासभर पुढे गेली. न्यूयॉर्कच्या वेळेनुसार ९ मार्चच्या दुपारी १२ मध्ये ‘१ दिवस’ मिळवला तर दुसऱ्या दिवशीचे १२ येतात, ‘२४ तास’ मिळवले तर १ वाजतो. भारतात आज अशी घड्याळे हलत नाहीत. त्यामुळे पुण्यात बसून भारतीय वेळेवर तपासलेला कोड निर्दोष वाटतो आणि दोष परदेशी ग्राहकाकडे मार्चमध्ये उगवतो.

महिन्यांची वजाबाकी दरवेळी उलटवता येत नाही. पोस्टग्रेसमध्ये ३१ मार्च २०२४ मधून एक महिना वजा केला की २९ फेब्रुवारी येते, आणि त्यात पुन्हा महिना मिळवला की २९ मार्च. दोन दिवस वाटेत गळतात.

मायएसक्यूएलमध्ये कालावधीसाठी स्वतंत्र स्तंभप्रकार नाही. ते काम ‘टाइम’ प्रकाराकडून करून घेतात. त्याची मर्यादा उणे ८३८:५९:५९ ते अधिक ८३८:५९:५९, म्हणजे जेमतेम ३५ दिवस. ४० दिवसांचा फरक ‘टाइमडिफ’ने काढला तर उत्तर या मर्यादेवर कापले जाते. सोबत इशारा मिळतो, पण तो वाचतो कोण? शिवाय मायएसक्यूएलचे ‘डेटडिफ’ पहिल्या तारखेतून दुसरी वजा करते, तर ‘टाइमस्टॅम्पडिफ’ दुसरीतून पहिली. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधले ‘डेटडिफ’ही दुसरीतून पहिली वजा करते. नाव तेच, चिन्ह उलट.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये फरक साध्या पूर्णांकात मिळतो. त्यामुळे ऋण संख्या साठवायला अडचण नाही, अडचण ती दाखवताना येते. तिथला ‘टाइम’ प्रकार घड्याळातली वेळ आहे, ०० ते २४ तासांच्या आतली. उणे ३०० सेकंद शून्य तारखेत (तिथे १ जानेवारी १९००) मिळवून त्याचे ‘टाइम’मध्ये रूपांतर केले की अहवालात २३:५५ छापले जाते. पाच मिनिटे आधी आलेली गाडी जवळजवळ चोवीस तास उशिरा आल्यासारखी दिसते. हे ‘डेटडिफ’ पूर्ण झालेली एकके न मोजता ओलांडलेल्या सीमा मोजते. ३१ डिसेंबरच्या रात्री ११:५९:५९ पासून पुढच्या सेकंदापर्यंत त्याच्या हिशेबी एक वर्ष झालेले असते. एसक्यूलाइटमध्ये तारखेचा प्रकारच नाही. चिन्हासकट फरक सांगणारे ‘टाइमडिफ’ तिथे २०२३ मध्ये, ३.४३ आवृत्तीत आले.

प्रत्येक ऋण उत्तर खरे नसते. रात्रपाळीची सुरुवात २२:०० आणि शेवट ०६:०० असा नुसत्या घड्याळाच्या वेळेत साठवला, तर वजाबाकी उणे १६ तास देते. त्यात २४ तास मिळवून आठ काढण्याची युक्ती सर्रास दिसते. पाळी चोवीस तासांच्या आतली आहे तोवर ती चालते, पण दिवस हरवलेलाच राहतो. तारीख आणि वेळ एकत्र साठवून ‘शेवट सुरुवातीच्या आधी नसावा’ असे चेक बंधन (नियम मोडणारी नोंद नाकारणारी अट) टेबलावर घातले, तर असे खोटे ऋण मुळातच शिरत नाही. गाडीच्या उशिराच्या स्तंभावर मात्र असे बंधन घालणे चूक, कारण तिथले ऋण खरे असते.

चिन्ह काढून निव्वळ लांबी हवी असेल, तर पोस्टग्रेसमध्ये इंटरव्हलसाठी ‘ॲब्स’ फंक्शन नाही. मूल्य आणि त्याचे ऋण रूप यांतले मोठे ‘ग्रेटेस्ट’ने निवडतात. एरवी हे पुरते, पण तुलना करताना पोस्टग्रेस महिना ३० दिवसांचा धरतो. त्या हिशेबाने ३६५ दिवस एका वर्षाहून मोठे ठरतात, कारण वर्ष ३६० दिवसांचे होते. ‘एक महिना, उणे ३० दिवस’ हा कालावधी तुलनेत शून्याबरोबर असतो. तो १ मार्च २०२४ मध्ये मिळवला तर २ मार्च येते, आणि १ फेब्रुवारी २०२४ मध्ये मिळवला तर ३१ जानेवारी.