नाकातला आकडा आणि रक्तातला आकडा

एप्रिल २०२१. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मामाचे रिपोर्ट आले आणि पहिला प्रश्न पडला, "सीटी किती?" कुणी ३१ म्हणालं, कुणी ७. शेवटी मावशीने विचारलं, "नाकाची का छातीची?" छातीची म्हणजे फुप्फुसांच्या स्कॅनचा २५ पैकी स्कोअर, नाकाची म्हणजे आरटी-पीसीआरची सीटी व्हॅल्यू. ३१ म्हणजे विषाणू कमी, म्हणून सगळ्यांनी हुश्श केलं. दुसऱ्या दिवशी मामाचा ऑक्सिजन ८८ वर आला.

स्कॅन तूर्त बाजूला ठेवू. आता नवीच गल्लत कानावर येते. रक्तातल्या जनुकांवरून आजार किती वाढेल याचा अंदाज येतो, असं सांगितलं की लोक म्हणतात, "म्हणजे पीसीआरच ना?" चूक अगदीच वेडगळ नाही. दोन्हीकडे आरएनए, म्हणजे जनुकीय माहिती वाहणारा रेणू, मोजतात, अनेकदा तंत्रही पीसीआरचंच, आणि हातात पडतो तो एक आकडा. प्रश्न एवढाच, की आरएनए कुणाचा? नाकातल्या काडीवर शोधतात तो विषाणूचा. रक्तात मोजतात तो आपला स्वतःचा.

नाकाचं आधी. काडी फिरवून गुलाबी द्रवाच्या कुपीत टाकतात. मशीनमध्ये दर चक्राला विषाणूचा अंश साधारण दुप्पट होतो, आणि कितव्या चक्राला तो दिसू लागला तो आकडा म्हणजे सीटी व्हॅल्यू. आकडा लहान, तर विषाणू जास्त. २० आणि ३० मध्ये दहाचाच फरक वाटतो, पण दहा वेळा दुप्पट म्हणजे १,०२४ पट. शिवाय काडी वरवर फिरली, कुपी उन्हात राहिली, किट बदललं, की आकडा सरकलाच. महाराष्ट्र सरकारने तेव्हा २४ ची मर्यादा धरावी का, असं आयसीएमआरला, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेला, विचारलं होतं. उत्तर आलं की ३५ पर्यंत पॉझिटिव्हच धरा, आणि उपचार या आकड्यावर ठरवू नका.

त्यात दिवसांचाही घोळ. कोविडमध्ये नाकातला विषाणू सुरुवातीच्या दिवसांत जोरात असतो. माणूस गंभीर होतो तो बहुधा दुसऱ्या आठवड्याच्या तोंडावर, विषाणू ओसरत असताना. तेव्हा फुप्फुसांची नासधूस बरीचशी आपलीच प्रतिकारशक्ती करत असते. मामाचा तो नववा दिवस होता. ३१ हा आकडा खोटा नव्हता, आम्ही त्याला भलताच प्रश्न विचारत होतो.

आता रक्त. जनुक म्हटलं की लोकांना खानदान आठवतं, पण आनुवंशिकतेची चाचणी ही नव्हे. घरात भांडी पन्नास असतात. आज चुलीवर कोणती चढली आहेत, ते इथे बघायचं. पेशी ज्या जनुकाचं काम काढते त्याचा संदेशवाहक आरएनए तयार होतो. तो मोजला की पेशी कशात गुंतली आहे ते कळतं. नळीत घेतलेल्या रक्तातही पेशी आपलं काम बदलत राहतात आणि आरएनए तुटत जातो, म्हणून अशा तपासणीसाठी अनेकदा खास नळी वापरतात. तिच्यात अडीच मिलिलिटर रक्त पडलं की आतला द्रव पेशी फोडून आरएनए आहे तसा थोपवून धरतो.

विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन हे इशारा देणारं प्रथिन सोडतात आणि त्याच्या हाकेला शेकडो जनुकं जागी होतात. आयएफआय२७ हे त्यातलं बोलकं. लंडनमधल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या रक्तात कोविडची लक्षणं दिसण्याआधीच ते वाढलेलं सापडलं. पण इथे आणखी एक चकवा आहे. आयएफआय२७ वाढलं म्हणजे विषाणूशी झुंज सुरू झाली. तेवढ्यावरून माणूस व्हेंटिलेटरवर जाईल असं म्हणता येत नाही. ब्रिटनमध्ये फ्लूने रुग्णालयात दाखल झालेल्यांचं रक्त तपासलं, तेव्हा गंभीर रुग्णांत इंटरफेरॉनचा ठसा मागे पडून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींशी निगडित जनुकं पुढे आलेली दिसली. गांभीर्याची खूण अशा पालटात असते, एकट्यादुकट्या जनुकात क्वचितच.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे पूर्वेश खत्री आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये १८ देशांतले, १६ विषाणूंचे ४,७८० रक्तनमुने एकत्र तपासले. विषाणू कोणताही असो, गंभीर रुग्णांच्या रक्तातली ठेवण बरीच सारखी निघाली. माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही. उद्या नवा विषाणू आला तरी शरीर कण्हतं ते जुन्याच सुरात.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रकाने, ट्रायव्हेरिटी या चाचणीला मंजुरी दिली. रक्तातले २९ संदेशवाहक आरएनए, अर्ध्या तासात तीन आकडे: जिवाणू असण्याची शक्यता, विषाणू असण्याची शक्यता, आणि सात दिवसांत व्हेंटिलेटर, रक्तदाब टिकवणारी औषधं किंवा डायलिसिस लागण्याची शक्यता. तिसरा आकडा वेगळा दिला आहे, हे बरं केलं.

मात्र विषाणू कोणता, हे त्या तिन्हींतून कळत नाही. फ्लू असेल तर ऑसेल्टामिविर द्यायचं, कोविड असेल तर त्याचा उपयोग नाही. तेवढ्यासाठी नाकात काडी घालावीच लागते.