चेंज रिंगिंग

चर्चच्या मनोऱ्यातील घंटा दर फेरीला क्रम बदलत वाजवण्याची कला. इंग्लंडमध्ये ती सतराव्या शतकात रुजली. तिच्यात धून नसते, क्रम असतो. कान सरावला की तो क्रमच सुंदर वाटू लागतो.

सगळे मूळ घंटेच्या वजनात आहे. घंटा मोठ्या चाकाला जोडलेली असते आणि चाकावरून दोर खालच्या खोलीत उतरतो. आधी घंटा तोंड वर करून उभी करतात. दोर ओढला की ती पूर्ण गिरकी घेते, एक टोल देते आणि पुन्हा तोंड वर करून थबकते. पुढच्या ओढीला ती उलट फिरते. एका ओढीला वादकाचे हात दोरावरच्या जाड, रंगीत लोकरी पट्ट्यावर असतात, त्याला ‘सॅली’ म्हणतात. सॅली हातातून सुटून छताकडे झेपावते, तेव्हा हाती उरते फक्त दोराचे टोक. पुढची ओढ त्या टोकाने.

शेकडो किलोंची ही घंटा वाटेल तेव्हा वाजत नाही. तिला क्षणभर रोखता येते किंवा किंचित लवकर आणता येते, एवढेच. म्हणून एका फेरीत कोणतीही घंटा फार तर एक जागा पुढे किंवा मागे सरकते. चार घंटा १२३४ अशा वाजल्या, तर पुढे २१४३, मग २४१३, ४२३१, ४३२१. एकदा आलेला क्रम पुन्हा येता कामा नये. फॅबियन स्टेडमन यांनी १६७७ साली ‘कॅम्पेनॅलॉजिया’त या रचना मांडल्या. हे गटसिद्धांताचे, म्हणजे अशा अदलाबदलींचे नियम अभ्यासणारे, गणित तो सिद्धांत जन्मण्यापूर्वीच दोरावर चालू होते, असे म्हणायला हरकत नाही.

सात घंटांचे सर्व क्रम ५,०४० होतात. तेवढे, किंवा घंटा सातपेक्षा जास्त असतील तर किमान ५,००० क्रम न थांबता वाजवले, की त्याला ‘पील’ म्हणतात. साधारण तीन तास लागतात. समोर कागद नसतो, मध्येच वादक बदलत नाही. संचालक ‘बॉब’ किंवा ‘सिंगल’ अशी हाक देतो आणि रचना वळण घेते. २ मे १७१५ रोजी नॉर्विचच्या सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट चर्चमध्ये झालेले वादन पहिले खरे पील मानले जाते.

आठ घंटांचे क्रम मात्र ४०,३२०. २७ आणि २८ जुलै १९६३ला लाफबरोच्या घंटा ओतण्याच्या कारखान्यातील मनोऱ्यात आठ वादकांनी ते सगळे वाजवले. १७ तास ५८ मिनिटे, सेकंदाला जवळपास पाच टोल, आणि प्रत्येकाने दोर ४०,३२० वेळा ओढलेला. हात थकतातच, पण खरी कसोटी लक्षाची: अठराव्या तासालाही आपली जागा चुकता कामा नये. बारा घंटांचे सर्व क्रम वाजवायला तीस वर्षेही पुरणार नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, ब्रिटनमध्ये चर्चच्या घंटांवर बंदी आली. शत्रू उतरल्याचा इशारा देण्यापुरत्याच त्या राखून ठेवल्या होत्या.

अशा रीतीने टांगलेल्या आठ घंटा पुण्यातही आहेत, गुरुवार पेठेतील पंचहौद मिशनच्या पवित्र नाम देवालयाच्या मनोऱ्यात. टिळक-रानड्यांना प्रायश्चित्ताच्या वादात ओढणाऱ्या १८९०च्या चहामुळे हे मिशन मराठी वाचकाला ठाऊक असते. त्याच्या घंटा मात्र इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच येतात.