मानदुखीवरील व्यायामोपचार (स्त्रियांची जुनाट मानदुखी)

मानदुखी तीन महिन्यांहून अधिक टिकली की ती जुनाट समजतात. अपघात, संसर्ग, गाठ किंवा मज्जारज्जूवरील दाब असे ठळक कारण सापडत नसेल, तर मान आणि खांद्यांचे स्नायू पद्धतशीरपणे बळकट करणे हा तिच्यावरचा मुख्य उपचार आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये ही तक्रार अधिक आढळते.

उत्तरायणात दिवसभर गच्चीवर पतंग पाहून धरलेली मान बडोद्यात घरोघरी असते; ती चार दिवसांत सुटते आणि तिचा येथे विचार नाही. ॲक्टिव्हावर मागची गाडी पाहायला मानेऐवजी अख्खे धड वळवावे लागते, संध्याकाळी खांद्यावर ओझे ठेवल्यासारखे वाटते आणि असे महिनोन्‌महिने चालते, ती जुनाट मानदुखी. एक्स-रेत ‘मणके झिजले’ असे निघाले की घरात घबराट होते. पण वयानुसार होणारी ही झीज कसलीच तक्रार नसलेल्यांच्या एक्स-रेतही सर्रास दिसते.

डोक्याचे वजन साधारण 4.5 ते 5 किलो असते. ते मानेच्या 7 मणक्यांवर स्थिर ठेवण्यात मणक्यांना पुढून लागून असलेल्या खोल स्नायूंचा मोठा वाटा असतो. दुखणे जुने झाले की अनेकींमध्ये हे स्नायू कामात मागे पडतात आणि त्यांचा भार मानेच्या बाजूचे व खांद्यावरचे स्नायू उचलतात. हेच वरचे स्नायू हाताला कडक लागतात. मालिश किंवा शेकाने ते सैलावतात, पण खोल स्नायूंची ताकद त्याने वाढत नाही, म्हणून आराम तेवढ्यापुरताच मिळतो. मानेला पट्टा (कॉलर) फार दिवस लावला तर स्नायू आणखी दुबळे होतात.

खोल स्नायूंसाठीचा व्यायाम ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ग्वेन्डोलिन जुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. उताणे झोपून मानेखाली हवेची छोटी पिशवी ठेवतात व तिच्यातला दाब 20 मिलिमीटर पारा इतका करतात. मग डोके न उचलता ‘हो’ म्हणावे तशी हनुवटी हलकेच खाली आणायची. दाब 22 वर जातो. पुढे दोन-दोनने 30 पर्यंत चढायचे, प्रत्येक पायरीवर 10 सेकंद धरायचे. व्यायाम इतका किरकोळ दिसतो की बहुतेक जणी जोर लावतात आणि तिथेच तो बिघडतो. मानेच्या दोन्ही बाजूंना बोटे ठेवावीत. तिथले स्नायू दोरीसारखे ताठ लागले तर काम वरचे स्नायूच करत आहेत असे समजावे. घरी पिशवीऐवजी घडी घातलेला टॉवेल चालतो.

एवढ्यावर थांबणे मात्र पुरेसे नाही. फिनलंडमध्ये कार्यालयात काम करणाऱ्या 180 स्त्रियांवर वर्षभर झालेला अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. एका गटाने डोक्याला रबरी पट्टा लावून चांगल्या ताणावर मानेचा व्यायाम केला, दुसऱ्याने झोपून डोके उचलण्याच्या अनेक आवृत्त्या केल्या. दोन्ही गट डंबेलही वापरत. तिसऱ्या गटाला स्नायू ताणण्याचे व दम वाढवण्याचे व्यायाम करायला सांगितले होते. पहिल्या दोन्ही गटांचे दुखणे तिसऱ्यापेक्षा स्पष्टपणे उतरले. डेन्मार्कमधील एका अभ्यासातही खांद्याच्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम देणे सायकल चालवण्यापेक्षा फार सरस ठरले. नवरात्रात नऊ रात्री गरबा खेळूनही मान तशीच का राहते, याचा उलगडा यातून होतो. डेन्मार्कमध्येच 2011 साली असे दिसले की रबरी नळी धरून हात बाजूला उचलण्याचा दिवसाकाठी 2 मिनिटांचा व्यायामही 10 आठवड्यांत उपयोगी पडतो.

दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाममंदिर आणि तिथले व्यायामशिक्षक प्रा. माणिकराव यांच्यामुळे बडोद्याला सांघिक कवायतीची आणि हाडवैद्यकीची मोठी परंपरा आहे. त्यामुळे मान दुखली की ‘कोणाकडून तरी बसवून घे’ हा सल्ला इथे लगेच मिळतो. जुनाट मानदुखीत सहसा जागचे हललेले असे काही नसतेच, त्यामुळे जोराने मान मोडून घेणे टाळलेलेच बरे.

‘दिवसभर राबतेच आहे, वर आणखी व्यायाम कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो. ओट्यापाशी पोळ्या लाटताना मान तासभर एकाच कोनात झुकलेली असते. स्नायू थकतात, पण त्यांच्यावरचा भार टप्प्याटप्प्याने वाढत नाही, आणि ताकद येते ती अशा वाढत्या भारानेच. आठवड्यातून तीनदा, थोड्या वजनाने सुरुवात करावी. व्यायामानंतर किंचित दुखले आणि दुसऱ्या दिवशी निवळले तर चालू ठेवावे. वाढतच गेले तर वजन कमी करावे. घरातल्या कोणी व्यायामाची वीस मिनिटे गॅसकडे पाहिले, तर हे महिनोन्‌महिने टिकते.

हातातली वस्तू निसटणे, चालताना तोल जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप, अकारण वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारी वेदना किंवा पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, यांपैकी काहीही असल्यास व्यायाम सुरू न करता आधी डॉक्टरांना दाखवावे. संधिवात (आमवात) किंवा हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांनी मानेचे व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच करावेत.