केबलवरची चिठ्ठी पोर्ट ग्रुपमध्ये कशी गेली

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आम्ही नुकताच जुना रॅक रिकामा केला. मागे केबलचा गुंता, पण प्रत्येक केबलला कागदी चिठ्ठी: ‘अकाउंट्स’, ‘स्टोअर’, ‘कॅमेरा’. नव्या होस्टला, म्हणजे पोटात अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सर्व्हरला, मात्र केबल दोनच, आणि सगळी नेटवर्क त्यांतूनच जातात.

सुरुवातीच्या इथरनेटमध्ये एका मशीनचा ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठी सोडलेला संदेश, जाळ्यातल्या सगळ्यांना ऐकावा लागे. जाळं वेगळं हवं तर स्विच, म्हणजे केबल जोडायचा डबा, तोही वेगळा घ्यायचा. एकाच स्विचवर वेगळी जाळी, म्हणजे व्हीलॅन, आली तेव्हा दोन स्विचमधून ती पुढे न्यायची प्रत्येक कंपनीची रीत निराळी होती. सिस्कोची आयएसएल ही त्यातलीच एक. १९९८ मध्ये ८०२.१क्यू हे सामाईक मानक आलं. फ्रेममध्ये, म्हणजे डेटाच्या प्रत्येक पाकिटात, चार बाइटचा टॅग, त्यात व्हीलॅनच्या नंबरासाठी १२ बिट. नंबर होतात ४०९६; ० आणि ४०९५ राखीव, वापरायला उरतात ४०९४.

२००१ मध्ये एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारा व्हीएमवेअरचा ईएसएक्स सर्व्हर आला आणि स्विचच सर्व्हरच्या पोटात शिरला. तोवर टॅग लावणं-काढणं हे नेटवर्कवाल्याचं काम होतं. आता पोर्ट ग्रुपला, म्हणजे आतल्या स्विचवर मशीन जोडायच्या पोर्टांच्या गटाला, व्हीलॅनचा नंबर देतो सर्व्हरवाला, आणि ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या जोडणीवर, कोणते नंबर सोडायचे ते ठरवतो नेटवर्कवाला. माझ्या मते आखणीतल्या बहुतेक चुका या दोघांच्या मधल्या जागेत होतात. मानकातल्या त्या दोन राखीव नंबरांनाही इथे वेगळा अर्थ मिळाला: पोर्ट ग्रुपवर ० म्हणजे टॅगच लावू नका, ४०९५ म्हणजे सगळे टॅग तसेच मशीनपर्यंत जाऊ द्या.

व्हीमोशन या व्हीएमवेअरच्या सोयीमुळे चालू मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर जाऊ लागलं आणि हा प्रश्न जास्तच बोचू लागला. याच कारखान्यात स्टोअरचं मशीन हलवलं आणि ते गप्प झालं. पोर्ट ग्रुपचं नाव, नंबर, सगळं बरोबर होतं. दुसऱ्या होस्टच्या ट्रंकवर तो व्हीलॅन सोडायचाच राहिला होता. २००९ मध्ये आलेल्या, अनेक होस्टना सामाईक असलेल्या डिस्ट्रिब्युटेड स्विचमुळे पोर्ट ग्रुप होस्टगणिक हाताने बनवावे लागत नाहीत, पण बाहेरच्या स्विचचा ट्रंक त्याच्या हातात नसतो.

दुसरा खड्डा नंबर १ चा. बऱ्याच स्विचवर तो मुळातच नेटिव्ह असतो, म्हणजे बिनटॅगचा जातो. पोर्ट ग्रुपला १ दिला की एकीकडे टॅग लागतो, दुसरीकडे नाही, आणि संवाद तुटतो.

म्हणून इथे १ वापरायचाच नाही असं ठरलं. मॅनेजमेंट १०, व्हीमोशन २०, स्टोरेज ३०, अकाउंट्स ११०, स्टोअर १२०, कॅमेरे १३०. नंबरांचा कागद दोघांनी मिळून लिहिलाय आणि रॅकच्या दाराला आतून चिकटवलाय.