परदेशी सहलीचं जेवण: फॉर्ममधला सातवा रकाना

बुकिंग झालं की पहिला फोन व्हिसाचा येतो आणि दुसरा जेवणाचा. "तिकडे आपलं जेवण मिळेल ना?" मिळेल. लंडनला साउथॉल आहे, न्यूयॉर्कला जॅक्सन हाइट्स आहे, सिंगापूरला सेरंगून रोडवर 1947 पासूनचं कोमला विलास आहे. दुबईत बर दुबईला तर पोळी-भाजीची चिंताच नको. आमची डोकेदुखी वेगळी आहे, ती म्हणजे फॉर्ममधला सातवा रकाना, 'आहार'.

तिथे बहुतेक मंडळी 'व्हेज' एवढंच लिहून मोकळी होतात. मग बँकॉकला ताटं मांडल्यावर कळतं की कुणाला अंडं चालत नाही, आजींना कांदा-लसूण नको आणि काकांचा आज गुरुवार. आमचा टूर मॅनेजर भटारखान्यात उभा राहतो, बाकीचे तीस जण ताटकळतात, आणि पाऊण तास गेल्यावर पुढचा कार्यक्रम आखडता घ्यावा लागतो. त्याचा राग शेवटी आमच्यावरच निघतो!

विमानातला घोळ याहून मोठा. विमान कंपनीच्या यादीत 'हिंदू मील' दिसलं की लोक डोळे झाकून तेच निवडतात. हिंदू मील म्हणजे शाकाहारी जेवण नव्हे. त्यात गोमांस नसतं एवढाच त्याचा अर्थ. चिकन, मटण, मासे, अंडी असू शकतात. आपल्या पद्धतीचं शाकाहारी हवं असेल तर 'एशियन व्हेजिटेरियन', कांदा-लसूण आणि कंदमुळं नको असतील तर 'जैन'. नुसतं 'व्हेजिटेरियन' निवडलंत तर उकडलेल्या भाज्या आणि कधीकधी अंडंही समोर येतं. हे बदल साधारणपणे उड्डाणाच्या चोवीस तास आधीपर्यंतच घेतात. विमानात बसल्यावर हवाईसुंदरीशी वाद घालून काही होत नाही, तिच्याकडे मोजून ठेवलेले ट्रे असतात.

जमिनीवरही 'व्हेज' शब्दाचा भरवसा नाही. थायलंडमध्ये भाजीत मासळीचा सॉस सर्रास पडतो. जपानमध्ये साध्या मिसो सूपचं पाणीसुद्धा बहुधा माशाचं असतं. इटलीतलं खरं पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटशिवाय होत नाही. थायलंडपुरती एक युक्ती सांगतो: पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेला 'जे' हा शब्द. अशा ठिकाणी मांस-मासे, अंडं, दूध तर नसतंच, कांदा-लसूणही नसतो. बटाटा मात्र असू शकतो, जैन मंडळींनी विचारून घ्यावं.

"पॅरिसला जाऊन रोज पनीर का खायला घालता?" हाही नेहमीचा प्रश्न. तक्रार अगदीच खोटी नाही. पण दुपारचं जेवण आम्ही मुद्दाम मोकळं ठेवतो, तेव्हा हवं ते चाखा. रात्री दमून आलेल्या माणसाला वरण-भात लागतो, हा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. आणि बाहेरचं 'इंडियन' म्हणजे तुमच्या घरची चव नव्हे. ब्रिटनमधली बरीचशी इंडियन हॉटेलं मुळात बांगलादेशातल्या सिल्हेटकडच्या लोकांनी उभी केली, जपानमधली कित्येक नेपाळी लोक चालवतात. त्यांचा मेनू तिथल्या गिऱ्हाइकाला बेतलेला, म्हणून गोडसर. आमच्या गटासाठी डाळीला वेगळी फोडणी आणि मऊ फुलके मिळतात, ते आम्ही दोन दिवस आधी माणसांचा नेमका आकडा कळवतो म्हणून. मोबाइलवर शोधून स्वतः जाणार असाल तर जरूर जा, फक्त वेळ पाहा. युरोपात दुपारी अडीच-तीनला बऱ्याच हॉटेलांच्या चुली विझतात, त्या सहाच्या पुढेच पेटतात.

उपवासाचं आधी सांगा. संकष्टी काही अचानक उगवत नाही, कॅलेंडर पाहून तारीख रकान्यात लिहा. साबुदाण्याचा चिवडा आणि राजगिऱ्याच्या वड्या आम्ही बरोबर ठेवतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

आता घरून नेण्याचं. चकल्या, चिवडा, मेथकूट खुशाल घ्या. युरोपला जाताना पेढे, बर्फी, तूप नको. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिथे नेऊ देत नाहीत. दुबई आणि सिंगापूरला खसखस मुळीच नको, तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात मोडते. पुडी कुणी नेत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण गोड्या मसाल्यात खसखस असते, आणि अनारशांवर तर ती डोळ्यांना दिसते. दिवाळीच्या सहलीला येणाऱ्यांनी अनारसे घरीच संपवून निघावं.

सातवा रकाना प्रत्येक माणसासाठी वेगळा भरा, 'सगळे व्हेज' असा एकत्र नको. अंडं, कांदा-लसूण, कंदमुळं, वार, उपवास, शेंगदाण्याची वगैरे ॲलर्जी, सगळं मराठीत लिहिलंत तरी चालेल. निघण्याच्या दहा दिवस आधी फॉर्म आमच्या हाती हवा.